शाळेतील छळ आणि आपण



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'शाळेतील छळ' एवढेच सांगितले होते. मारकुट्या मास्तरांविषयी मी काही बोलणार, असा त्यांचा समज झाला. मुलांनी मुलांचा केलेला छळ, असा मी खुलासा केला, तेव्हा त्यांच्यातील एक गृहस्थ हसून म्हणाले, "त्यात व्याख्यान कसले? मुले आहेत, चालायचेच!" मी त्यांना दोष देत नाही. माझ्या शिक्षकी पेशाची निम्मी वर्षे मीही हेच म्हणत होतो. आज मी जे बोलणार आहे ते या 'चालायचेच' विरुद्ध आहे, आणि म्हणून ते पहिल्यांदा माझ्याच विरुद्ध आहे.

सुमारे १९९० सालची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मी आठवीचा वर्गशिक्षक होतो. भोवतालच्या खेड्यांत शाळा सातवीपर्यंतच; आठवीपासून मुले एस. टी. ने आमच्याकडे येत. त्यांतलाच एक मुलगा. अंगाने किरकोळ, अक्षर मात्र मोत्यासारखे. पहिल्याच आठवड्यात मी गृहपाठ विचारला. तो उभा राहिला आणि म्हणाला, "म्या केलाय, सर." मागच्या बाकावरून कुणीतरी 'म्यांव' असा आवाज काढला. वर्ग हसला. सांगताना संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. मीही हसलो.

त्या दिवसापासून त्या मुलाचे नाव हजेरीपटावर तेवढे उरले. वर्गाच्या लेखी तो 'मांजर' झाला. तो उत्तराला उभा राहिला की चारी कोपऱ्यांतून म्यांव ऐकू येई. त्याचा डबा पळवला जाई. दिवाळीच्या आधी तो शिक्षकखोलीच्या दाराशी दोनदा आला. पहिल्यांदा नुसता उभा राहून परत गेला. दुसऱ्यांदा म्हणाला, "सर, पोरं लय तरास देत्यात." माझ्यापुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. मान वर न करता मी म्हणालो, "तू लक्ष देऊ नकोस, म्हणजे आपोआप थांबतील."

ती थांबली नाहीत. सुट्टीनंतर मुलगा वर्गात दिसेना. घरून तो रोज निघे, दिवसभर एस. टी. स्टँडवर बसे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाई. जानेवारीत त्याची आई दाखला न्यायला आली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. कारकून रजेवर होता, म्हणून दाखला मीच भरला. त्या रकान्यात मी लिहिले, 'पालकांच्या विनंतीवरून.' जाताना आई म्हणाली, "गुरुजी, आता शेळ्या राखतोय. बरा हाय."

हा प्रसंग मी आपल्या मनात करुणा उत्पन्न करण्यासाठी सांगितला नाही. या एका हकिकतीत आपल्या विषयाची सगळी अंगे आहेत. छळ म्हणजे काय, तो कोण करतो, कोण पाहतो, आणि ज्यांनी थांबवायचा ते काय करतात, हे त्यात आहे. त्यांचा आपण क्रमाने विचार करू.

प्रथम शब्दाचा विचार. थट्टा, चेष्टा, खोडी, टवाळी, छळ हे सगळे शब्द आपल्या भाषेत आहेत आणि आपण ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. थट्टेत आज मी तुझी करतो, उद्या तू माझी करतोस. आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आले की थट्टा थांबते. दोन तोलामोलाच्या मुलांचे मैदानावर भांडण जुंपले, तर ते भांडण आहे, छळ नव्हे. छळाची तीन लक्षणे आहेत. तो दुखावण्यासाठी केलेला असतो, तो पुन:पुन्हा होतो, आणि ज्याच्यावर होतो त्याला परतफेड करता येत नाही. बळ कमी असते, किंवा संख्या कमी असते, किंवा तो नवा, गरीब, परक्या बोलीचा, खालची मानल्या गेलेल्या जातीचा असतो. केवळ मारहाण म्हणजे छळ असेही नाही. मुलींच्या वर्गात एकीशी सगळ्यांनी मिळून अबोला धरणे हाही छळच. तो दिसत नाही आणि त्याचा वळ उठत नाही, एवढाच फरक.

'रॅगिंग' म्हटले की आपल्याला कॉलेजे आणि त्यांची वसतिगृहे आठवतात. त्याविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ मध्ये कायदाही केला. परंतु कॉलेजात जे फळ दिसते त्याचे बी माध्यमिक शाळेतच पेरलेले असते. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलगा आईबापांच्या मतापेक्षा सोबत्यांच्या मताला अधिक जपतो. म्हणूनच त्या वयात सोबत्यांनी केलेला अपमान हाडाला भिडतो.

या प्रश्नाकडे शास्त्रीय दृष्टीने प्रथम पाहिले ते स्कँडिनेव्हियाने. डॅन ओल्वेअस हे मूळचे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ. शाळकरी मुलांच्या छळाविषयीचे त्यांचे पुस्तक १९७३ मध्ये स्वीडिश भाषेत निघाले. ते नॉर्वेतील बर्गन येथे काम करीत असत. पुस्तक निघाले म्हणून सरकार हलत नसते. ते हलले १९८२ च्या अखेरीस. उत्तर नॉर्वेमध्ये दहा ते चौदा वर्षे वयाच्या तीन मुलांनी आत्महत्या केल्या, आणि सोबत्यांनी केलेला छळ हेच त्याचे कारण असावे असे दिसून आले. सारा देश हादरला. १९८३ मध्ये नॉर्वेच्या शिक्षण खात्याने छळाविरुद्ध देशभर मोहीम काढली. बर्गनमधील ४२ शाळांतील सुमारे अडीच हजार मुलांकडे ओल्वेअस यांनी त्या वेळी सतत अडीच वर्षे लक्ष ठेवले. छळाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. पोलीस आणून नव्हे, छडी वापरून नव्हे, तर शाळेने हा प्रश्न आपला मानला म्हणून.

या अभ्यासाने आपल्या कित्येक समजुती खोट्या ठरवल्या. चष्मा, लठ्ठपणा, केसांचा रंग अशा कशावरून मुलगा छळला जातो, असे आपल्याला वाटते. ओल्वेअस यांना असे आढळले की, वेगळेपण कोणात नसते? छळणारा निमित्त शोधतो आणि त्याला ते सापडते. छळली जाणारी मुले बहुधा अंगाने दुबळी, स्वभावाने भिडस्त आणि वर्गात एकटी पडलेली असतात. निमित्त काढून घेतले तरी छळ थांबत नाही, असा याचा अर्थ. मी त्या मुलाला 'म्या' ऐवजी 'मी' म्हणायला शिकवले असते, तरी मांजर मांजरच राहिले असते. अर्थात आपल्या समाजात जात आणि गरिबी यांनी काही मुलांना घरून निघण्यापूर्वीच एकटे पाडलेले असते. तिथे छळणाऱ्याला निमित्त शोधावेच लागत नाही, ते आपण वडीलमाणसांनी घडवून त्याच्या हाती दिलेले असते. त्या छळाला पोरांची मस्करी म्हणणे हे तर दुहेरी पाप.

दुसरी समजूत अशी की, दांडगाई करणारा मुलगा आतून भित्रा आणि दुःखी असतो. हीही बहुतांशी खोटी ठरली. त्यातले पुष्कळसे चांगले खंबीर असतात. दुसऱ्याला वाकवण्यात त्यांना आनंद होतो आणि तो आनंद फुकट मिळतो, हे त्यांना कळलेले असते. पण म्हणून त्यांचे बरे होते असे मात्र नाही. शाळेत दांडगाई करणाऱ्या मुलांपैकी सुमारे ६० टक्क्यांना वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत एकदा तरी गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेली ओल्वेअस यांना आढळली. छळ थांबवणे हे छळणाऱ्याच्याही हिताचे आहे, हे त्याच्या आईवडिलांना पटवून द्यायला हा एक आकडा पुरे आहे.

तिसरी गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या शाळेत मधल्या सुट्टीत अधिक शिक्षक मैदानावर असत, तिथे छळ कमी होता. किती साधी गोष्ट! आपल्याकडे मधल्या सुट्टीची घंटा झाली की शिक्षक चहाला जातात आणि शाळा मुलांच्या राज्यात जाते. त्या अर्ध्या तासात पाण्याच्या टाकीजवळ, मुताऱ्यांच्या मागे, जिन्याखाली काय चालते ते भिंतींना ठाऊक असते, आपल्याला नसते.

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. माझ्या त्या वर्गातील एक मुलगा दहावी पास झाल्यावर पेढे घेऊन घरी आला. बोलता बोलता तो विषय निघाला. मला ठाऊक नव्हते ते त्याने सांगितले. सायकल स्टँडच्या मागे तिघेजण त्या मुलाला चार पायांवर चालायला लावीत आणि पंधरा-वीस जण भोवती उभे राहत. मी विचारले, "तुमच्यापैकी कुणी मला का सांगितले नाही?" तो गोंधळून म्हणाला, "सर, आम्हाला वाटले, तुम्हाला माहीत आहे. तुम्हीही हसला होता ना?"

बंधुभगिनींनो, तीस-पस्तीस वर्षे हे वाक्य माझ्या कानांतून गेलेले नाही. छळ करणारे तीन होते. पाहणारे वीस होते. आणि त्या वीस जणांनी माझ्या एका हसण्याचा अर्थ 'सरांची हरकत नाही' असा लावला होता.

पुढे वाचनात आले की, कॅनडातील संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे आणि ध्वनिग्राहक लावून प्रत्यक्ष काय घडते ते टिपले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणानुसार, छळाच्या दर शंभर प्रसंगांपैकी ८८ प्रसंगी दुसरी मुले जवळ हजर होती. त्यांच्यापैकी कुणीतरी मध्ये पडले असे फक्त १९ प्रसंगी घडले. परंतु जेव्हा जेव्हा कुणी मध्ये पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, म्हणजे शेकडा ५७ वेळा, छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! मी आता हे वाक्य बोलायला जेवढा वेळ घेतला तेवढाच.

फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिव्हाली यांनी १९९६ मध्ये याच प्रेक्षकांचे वर्गीकरण केले. काही मुले छळणाऱ्याला हात देतात, काही हसून उत्तेजन देतात, काही बाजूला होतात आणि थोडीशी बचावाला जातात. छळणारा बहुधा हे वर्गात वजन मिळावे म्हणून करतो. वजन देणारे ते हसणारे असतात. हसणे थांबले की छळणाऱ्याचे भांडवल संपते. या विचारावर 'किवा' नावाचा उपक्रम उभा राहिला आणि २००९ पासून तो फिनलंडच्या शाळांत देशभर सुरू झाला. छळणाऱ्या मुलाला एकदम बदलणे अवघड असते, पण बाकी मुलांचे वागणे बदलणे शक्य असते. सर्व उपायांचे मर्म यात आहे.

मग शाळेने काय करावे? पहिले म्हणजे जाणून घ्यावे. वर्षातून एकदा मुलांना कोऱ्या कागदावर, नाव न घालता, तीन प्रश्नांची उत्तरे लिहू द्यावीत. तुला कोणी पुन:पुन्हा त्रास देते काय, तू कोणाला देतोस काय, आणि हे कुठे घडते. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून शाळेचा नकाशा काढावा आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांनी पाळीपाळीने त्या जागी फिरावे. दुसरे म्हणजे प्रत्येक वर्गाने स्वतःचे नियम करावेत. ओल्वेअस यांच्या उपक्रमात चारच नियम आहेत. आम्ही कोणाला छळणार नाही. छळल्या जाणाऱ्याला मदत करू. एकट्या पडलेल्याला आमच्यात घेऊ. आणि छळ दिसला तर शाळेत व घरी मोठ्या माणसांना सांगू. चौथ्या नियमाबाबत आपली मुले अडतील, कारण 'चुगलखोर' म्हणवून घेण्याची त्यांना भीती असते. कुणाला शिक्षेत अडकवण्यासाठी सांगणे ही चुगली आणि कुणाला संकटातून सोडवण्यासाठी सांगणे ही मदत, हा फरक शिक्षकाने एकदा नव्हे, दर महिन्याला समजावून सांगितला पाहिजे. आठवड्यातील एक तासिका वर्गाने याच बोलण्यासाठी राखावी.

एवढे करूनही छळ होईलच. तो उघडकीला आला की त्याच दिवशी हालचाल करावी. आधी छळल्या गेलेल्या मुलाला एकट्याला बोलवावे, त्याचे शांतपणे ऐकावे, आणि "तू सांगितलेस हे बरे केलेस" हे वाक्य आधी उच्चारावे. मग ज्यांनी छळले त्यांना एकेकटे बोलवावे, एकत्र नव्हे. एकत्र आले की त्यांची टोळी होते. दोन्ही पक्षांना समोरासमोर उभे करून "हात मिळवा, विसरून जा" असे सांगण्याची आपल्याकडे फार आवड आहे. भांडणात ते ठीक असते. छळात मात्र दुबळ्या मुलाला आपण त्याच हातात पुन्हा हात द्यायला लावतो, आणि बाहेर पडताच त्याची किंमत त्याला मोजावी लागते. जे समजले ते वहीत तारखेनिशी लिहावे, दोन्हीकडच्या पालकांना कळवावे, आणि आठवड्याने, महिन्याने पुन्हा चौकशी करावी. पहिल्या दिवशीच्या रागापेक्षा महिन्यानंतरची चौकशी अधिक गुणकारी असते.

शिक्षा करावी की नाही? परिणाम भोगायला लावावा, अपमान करू नये. दांडगाई करणाऱ्याची मधली सुट्टी काही दिवस शिक्षकाच्या नजरेखाली जावी, हिरावलेला डबा आणि फाडलेली वही त्याने भरून द्यावी. पण त्याला वर्गासमोर छड्या मारल्या, तर आपण त्याला त्याचाच धडा पुन्हा शिकवतो की, ज्याचे बळ अधिक त्याने मारावे. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करणे आणि त्यांचा मानसिक छळ करणे, दोन्हींना मनाई केली आहे. शिक्षकाने मुलाच्या बोलीवर, डब्यावर, आडनावावर केलेला विनोद हा मानसिक छळच, हे मी कोणत्या अधिकाराने सांगतो ते आपल्या ध्यानात आले असेल.

आता पालकांसाठी दोन शब्द. सकाळी शाळेच्या वेळीच पोट दुखू लागले, वह्या फाटून येऊ लागल्या, मूल दूरच्या रस्त्याने घरी येऊ लागले, खाऊचे पैसे पुरेनासे झाले, तर रागावण्यापूर्वी विचारा. "तूही ठेवून दे एक" हा सल्ला देऊ नका. त्याला ते जमत असते तर तो तुमच्याकडे आलाच नसता. तावातावाने दुसऱ्या मुलाच्या घरीही जाऊ नका, शाळेत जा. आणि छळ करणारा तुमचाच मुलगा आहे असे कळले, तर "आमचा असा नाही" हे पहिले वाक्य गिळून टाका.

आज मोबाईलने या प्रश्नाला नवे दार उघडले आहे. पूर्वी शाळा सुटली की निदान घराच्या चार भिंतींत मूल सुटत असे. आता वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात रात्री अकरा वाजता त्याचे चित्र विद्रूप करून फिरवले जाते, आणि पाहणारे वीस राहत नाहीत, दोनशे होतात. तरी नियम तोच. पुढे न पाठवणारा एक मुलगा ती साखळी तोडू शकतो. आलेला मजकूर पुसू नये, जपून ठेवून शाळेला दाखवावा. जिथे कुणीच ऐकत नाही असे मुलाला वाटते, तिथे १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे; तो शाळेच्या भिंतीवर लिहिलेला असावा. शासनाने २०२२ मध्ये शाळांतून सखी सावित्री समित्या नेमायला सांगितले. तुमच्या शाळेत ती समिती कागदावर आहे की प्रत्यक्ष बसते, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. कृपया तो वापरा.

शेवटी गावाविषयी. तो मुलगा दोन महिने एस. टी. स्टँडवर गणवेशात बसत होता. तिथे चहावाला होता, वाहतूक नियंत्रक होते, गाडीची वाट पाहणारी शेकडो माणसे होती. शाळेच्या वेळात हे पोर इथे का बसले आहे, असे एकानेही विचारले नाही. त्यांनाही बहुधा वाटले असेल, कुणालातरी माहीत असेलच. वर्गातील वीस मुलांचा आणि गावातील शेकडो मोठ्यांचा दोष एकच आहे. म्हणून मी हा विषय शिक्षकांच्या सभेत न मांडता आपल्यासारख्या नागरिकांपुढे मांडला.

आपल्याकडे एक लहानसे मागणे मागतो. आज घरी गेल्यावर किंवा उद्या सकाळी आपल्या मुलाला, नातवाला विचारा. "तुला कोणी त्रास देते का?" असे विचारू नका, त्याला ते सांगण्याची लाज वाटते. विचारा, "तुमच्या वर्गात कोणाला त्रास होतो?" बहुतेक मुलांना ते नाव ठाऊक असते. आणि नाव कळल्यावर दुसरा प्रश्न विचारा, "मग तू काय करतोस?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बदलू लागले, म्हणजे शाळाही बदलू लागेल.

दाखल्यावरचा तो रकाना आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. खरे कारण लिहायचे ठरवले असते, तर 'वर्ग हसला आणि शिक्षकही हसले' असे लिहावे लागले असते. ते मी त्या दिवशी लिहिले नाही. आज आपणा सर्वांसमोर ते वाचून दाखवले, एवढेच.